अक्षर सुधारणे : एक कौटुंबिक उद्योग

लहान मुलांना हस्ताक्षराचा सराव देणे हा वरवर पाहता एक मूल, एक पेन्सिल आणि एक वही एवढ्यांचाच मामला आहे. प्रत्यक्षात त्यात किमान चार मोठी माणसे गुंतलेली असतात. उज्जैनचे माधव नगर म्हणजे रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे ज्याला फ्रीगंज म्हणतात तो भाग. तिथल्या मराठी घरांत हा उद्योग दिवेलागणीच्या सुमारास सुरू होतो. आई पेन्सिल ‘छिलून’ देते. इकडच्या मराठीत पेन्सिलीला टोक करण्याची चाल नाही. आजी शेजारी मेथी निवडत बसते आणि एक डोळा वहीवर ठेवते. बाबा बाहेरून आल्याआल्या वही उचलून ‘हे काय आहे?’ असे विचारतात, आणि समोर जे आहे ते ‘म’ आहे हे त्यांना ठाऊक असते. आजोबा ‘आमच्या वेळी बोरू होते’ एवढे बोलून आपला वाटा उचलतात. मूल या वेळी पाणी प्यायला उठलेले असते.

या उद्योगात मुलाला आनंद कसा वाटेल, या प्रश्नावर शिक्षणतज्ज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे विचार केला आहे आणि त्यांची उत्तरे बरीच सोपी आहेत. अडचण एवढीच की ती पाळायची असतात मोठ्यांनी.

अक्षराच्या आधी हात पाहावा लागतो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडे असतात, पण जन्मतः त्यांतले एकही तयार नसते. आठही जागी मऊ कूर्चा असते. पहिल्या वर्षात दोन हाडे धरतात, मग वर्षाला एखादे अशा बेताने भर पडत जाते, आणि शेवटचे वाटाण्याएवढे हाड नऊ ते बारा या वयात केव्हातरी हजेरी लावते. मुलाचे वय ठरवायचे झाले तर डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढतात तो यामुळेच. केजीच्या प्रवेशाला जन्माचा दाखला लागतो, आधार कार्ड लागते, आईबापांचे फोटोही लागतात. मनगटाचा एक्स-रे कोणी मागत नाही. त्यामुळे ‘एक ते शंभर, दोनदा, सुवाच्य’ हे काम अर्धवट तयार झालेल्या मनगटावर बिनदिक्कत सोपवले जाते. फ्रीगंजात अर्धवट पिलरवर कोणी चौथा मजला चढवू लागला तर शेजारी त्याच दिवशी नगर निगमात तक्रार करतील. मुलाच्या मनगटाच्या बाबतीत शेजारीच विचारतात, ‘अजून शंभरपर्यंत लिहीत नाही?’

आकारांचेही असेच ठरलेले वेळापत्रक आहे. दोनाच्या आसपास मुलाला उभी रेघ जमते, तीनला गोल, चारला अधिकचे चिन्ह, त्याच्या थोडे पुढे चौकोन आणि पाचच्या सुमारास त्रिकोण. पतंगासारखा टोकावर उभा चौकोन सहा-सातच्या आधी सहसा जमत नाही. संक्रांतीला गच्चीवर पाच वर्षांचे पोर तासभर चकरी धरून उभे राहू शकते, दुसऱ्याची कापली की ओरडू शकते, पण तोच पतंग कागदावर काढायला सांगितला तर बटाटा काढते. त्यात त्याचा आळस नाही. डोळ्याला तिरपी रेघ दिसते, हाताला ती अजून सापडायची असते.

आता ‘अ’ या अक्षराकडे पाहावे. त्यात एकावर एक दोन अर्धी वळणे आहेत, मधून निघणारी आडवी रेघ आहे, उभा दांडा आहे आणि वर शिरोरेषा. वर्णमालेत ते पहिले आले ते उच्चाराच्या हिशोबाने. हाताच्या हिशोबाने त्याचा नंबर बऱ्याच मागे लागायला हवा. ‘ठ’ची गोष्ट उलटी. जवळजवळ नुसता गोल असल्याने तो तीन-चार वर्षांच्या हाताला सहज येतो, पण वर्णमालेच्या रांगेत तो पार मागे उभा असतो. महाराष्ट्रात शिकवण्यासाठी ‘ग म भ न’ असा क्रम रूढ झाला त्यामागे हेच शहाणपण आहे. एका वळणाची अक्षरे एकत्र घेतली की एक जमल्यावर दुसरे अर्धे जमलेलेच असते. परंपरेला मात्र घाई नव्हती आणि दयामायाही नव्हती. तिने मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी ‘श्री’ दिली, म्हणजे वळण, गाठ, जोडाक्षर आणि दीर्घ वेलांटी सगळे एकदम. एवढ्यातून पार पडणाऱ्याला पुढचे सोपे वाटे, आणि न पडणारा गाई राखायला जाई.

सहा-सात वर्षांपर्यंत मुले एखादे अक्षर किंवा अंक आरशातल्यासारखा उलटाही लिहितात. हे इतके सार्वत्रिक आहे की त्याची काळजी करण्याचे सहसा कारण नसते. घरात मात्र त्या रात्री जेवण उशिरा होते. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्या अशाच उलट्या अक्षरांत लिहिल्या आणि त्या आज काचेच्या पेट्यांत आहेत. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाविषयी तर एवढेच सांगायचे की त्याला डाव्यानेच लिहू द्यावे आणि त्याच्या डावीकडे कोणाला बसवू नये.

जुन्या काळी अक्षरओळख कागदावर होत नसे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर धूळ पसरत आणि तीत काडीने किंवा बोटाने अक्षर गिरवत. धुळाक्षरे ती हीच. कागद महाग होता आणि धूळ फुकट होती, एवढाच त्यामागचा शैक्षणिक विचार. पण काटकसरीतून एक मोठी सोय झाली. चुकले की तळहात फिरवायचा आणि फळी पुन्हा कोरी. चूक कुठे उरत नसे, कोणाला दाखवता येत नसे, आणि संध्याकाळी बाबांनी ‘हे काय आहे?’ म्हणून विचारायला तिथे काहीही शिल्लक नसे. धुळीनंतर पाटी आली. तिनेही हा हक्क कायम ठेवला, फक्त तळहाताच्या जागी ओला बोळा आणि अडीअडचणीला थुंकी आली.

पुसण्याच्या बाबतीत उज्जैनइतका अधिकार दुसऱ्या कोणत्याही गावाला नाही. माधव नगरातून पूल ओलांडून जुन्या शहरात शिरावे आणि मंगलनाथाच्या रस्त्याला लागावे, म्हणजे सांदीपनी ऋषींचा आश्रम लागतो. कृष्ण, बलराम आणि सुदामा इथे शिकले असे सांगतात. परिसराचे नाव अंकपात. कृष्णाने आपल्या पाटीवरचे अंक इथल्या पाण्याने धुतले अशी श्रद्धा त्या नावामागे आहे. तिथल्या एका दगडावर एक ते शंभर अंक असून ते खुद्द सांदीपनींनी कोरले असे मानतात. इतर गावे थोरामोठ्यांनी जिथे बसून लिहिले त्या खोल्या, ती मेजे आणि ते चष्मे जपून ठेवतात. उज्जैनने देवाने पाटी पुसली ती जागा जपली आहे. त्याचे अक्षर कसे होते याची चौकशी आजवर एकाही भाविकाने केलेली नाही.

भागवतात कृष्ण-बलरामांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचे म्हटले आहे. म्हणजे दर कलेला सरासरी एक दिवस पडतो. उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती हाच वेग धरून चालतात, पण विद्यार्थी तेव्हा कोण होता हे सांगायचे विसरतात.

वसंत पंचमीला आजही उज्जैनचे पालक मुलांना विद्यारंभासाठी या आश्रमात आणतात. पाटीची पूजा होते, मुलाचा हात धरून तिच्यावर पहिले अक्षर काढले जाते, फोटो काढले जातात. मग घरी परतताना टॉवर चौकाकडच्या दुकानातून वही विकत घेतली जाते, आणि पाटी देवघराच्या मागे जाते ती दसऱ्यापर्यंत. दसऱ्याला ती पुन्हा बाहेर येते, कारण मराठी घरात पाटीपूजनाची सरस्वती वहीवर काढत नाहीत. ती एकाच्या आकड्यांनी बनते, एकाशेजारी एक मांडलेले ‘१’. वर्षभर एकाची ओळ लिहायला रडणारे मूल त्या दिवशी शेजारच्या घरची सरस्वतीही काढून द्यायला जाते. कोणी ‘सराव कर’ म्हटलेले नसते, काम सणाचे असते आणि चुकले तर बोळा हाताशी असतो.

वही आली आणि पुसण्याचा हक्क रबराकडे गेला. रबराचा हा उपयोग तसा फार जुना नाही. इंग्लंडात १७७० च्या सुमारास पेन्सिलीची रेघ घासून काढणारे रबराचे तुकडे विकायला आले. त्याआधी या कामाला पावाचा चुरा वापरत. मुलांनी तेव्हा खोडण्याचे साधन खाल्ले असेल तर निदान ते पोटात राहिले असेल. आता रबराला स्ट्रॉबेरीचा वास येतो, त्याला कार्टूनचे डोळे असतात, आणि ते आठवड्यात हरवते किंवा चघळले जाते. पण मुख्य गोष्ट अशी की रबर मुलाच्या हातात राहत नाही. बाजूला बसलेल्या मोठ्या माणसाच्या हातात ते आपोआप जाते. मुलाने जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून, आठ ‘क’ लिहिलेले असतात. वरून हात येतो, ‘हे नाही चालणार’ असे शब्द येतात, आणि आठही ‘क’ जातात. स्वतः पुसले तर तो खेळ असतो, दुसऱ्याने पुसले तर अपमान. सरावात आनंद आहे की नाही हे त्यामुळे फार संशोधन न करता कळू शकते. रबर कोणाच्या हातात आहे तेवढे पाहावे.

लिखाण एकट्याने बसून करायचे नसते, हेही उज्जैनला पूर्वीपासून माहीत आहे. उज्जैनचा मानल्या जाणाऱ्या कालिदासाने ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात रघूचे शिक्षण वर्णिले आहे. राजपुत्र लिपी शिकतो ती आपल्याच वयाच्या मंत्रिपुत्रांबरोबर, आणि नदीच्या मुखातून समुद्रात शिरावे तसा तो लिपीतून वाङ्मयात शिरतो. उपमा सगळे लक्षात ठेवतात, बरोबरची मुले विसरतात. कालिदास मात्र ती विसरला नाही. एका चटईवर तीन मुले बसवली तर ती एकमेकांचे अक्षर पाहून हसतात, एकमेकांची पाटी पुसतात, भांडतात आणि मध्येच बरेच लिहूनही टाकतात. एकट्या मुलासमोर आई बसवली तर दोघेही घड्याळाकडे पाहतात.

त्याच काव्याच्या अठराव्या सर्गात सहा वर्षांचा राजा सुदर्शन येतो. अक्षरांच्या फळीवर लिहिलेली लिपी त्याला अजून पुरती आलेली नसते, तोवरच जाणत्या वृद्धांच्या सहवासाने दंडनीतीची सगळी फळे त्याच्या पदरात पडू लागतात. अक्षर पक्के नसले तरी राज्य चालते, असा याचा अर्थ काही वाचकांनी घेतला असावा. सरकारी फायलींवरच्या सह्या पाहता तसे वाटते.

मराठी परंपरेतला हस्ताक्षराचा सर्वांत मोठा जाणकार म्हणजे समर्थ रामदास. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळीला ओळ भिडू नये, काना-मात्रा-वेलांटी नीट यावी, पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत निघावे, इतक्या बारकाईने समर्थ सांगतात. पानाच्या कडेला कोरी जागा सोडा, कारण कडा झिजल्या तरी मजकूर वाचला पाहिजे. तारुण्यात फार बारीक लिहू नका, म्हातारपणी तुम्हालाच ते वाचता येणार नाही. हा शेवटचा सल्ला देणारा माणूस नुसता संत नव्हता, त्याने पोथ्या स्वतः हाताळल्या होत्या. पालकांनी हा समास जरूर वाचावा. मात्र तो जन्मभर पोथ्या लिहिणाऱ्यांसाठी आहे. सिनियर केजीच्या वहीला तो लावू नये.

समर्थांचा उपदेश बालबोध अक्षरासाठी होता. पण उज्जैनवर राज्य करणाऱ्या शिंदे सरकारचा रोजचा कारभार चाले तो मोडी लिपीत. ग्वाल्हेरला मुक्काम हलण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती, त्यामुळे इथल्या कित्येक मराठी घरांच्या वंशावळीत एखादा तरी मोडी लिहिणारा कारकून निघतो. मोडी लिहिताना कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात न उचलता तिला अक्षरे लटकवत जात. आज एखादे मूल वहीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढते आणि मग खाली अक्षरे कोंबते, तेव्हा त्याला ‘रेघ शेवटी द्यायची असते’ म्हणून रागावतात. ते घराण्याची रीत चालवत असते याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माधव नगरच्या मराठी मुलाची खरी पंचाईत मात्र वेगळीच आहे. घरी त्याला आजी मराठी वळणाचा ‘ल’ शिकवते, दोन पाकळ्यांचा. शाळेत हिंदी वळणाचा दांडीवाला ‘ल’ असतो. ‘श’चीही दोन रूपे. आकड्यांत तर सावळागोंधळ: मराठी वळणाचे ५, ८ आणि ९ एकीकडे, जुन्या हिंदी पुस्तकांतले दुसरीकडे, आणि गणिताच्या वहीत तिसरेच, इंग्रजी. उरलेली कसर ‘ळ’ भरून काढतो. मूल भाषेच्या वहीत हौसेने ‘बाळ’ लिहून ठेवते, मॅडम त्याला गोल करतात, आजी त्या गोलाला आक्षेप घेते, आणि दोन भाषांमधले हे प्रकरण दुसऱ्या दिवशीच्या पालक सभेपर्यंत पोचते. गंमत अशी की माळवी बोलीत ‘ळ’ चांगला ठणठणीत आहे. बाजारात भाजीवाली तो दिवसभर उच्चारते, फक्त वहीत त्याला मज्जाव.

या दुहेरी शिक्षणाने मुलांचे वाईटच होते असे नाही. मुक्तिबोधांच्या घरात दोन भाऊ वाढले. थोरले गजानन माधव हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीतले. थोरल्यांचे शिक्षण बरेचसे उज्जैनलाच झाले. तेव्हा मुलाने एका पानावर दोन तऱ्हेचे ‘ल’ काढले तर दोन्ही मोजावेत आणि पुढे जावे.

सरावाला लावण्यापूर्वी हाताला चित्राची सवय हवी, असे गांधीजींचे मत होते. स्वतःच्या वाईट अक्षराची खंत त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितली आहे आणि मुलांना आधी चित्रकला शिकवावी, मग लेखन, असे सुचवले आहे. माळव्यात ही सोय संजाच्या रूपाने कधीपासूनच आहे. पितृपक्षात इथल्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवतात. रोजचा आकार वेगळा. एके दिवशी स्वस्तिक, एके दिवशी आठ पाकळ्यांचे फूल, कधी डोकरा-डोकरी. चंद्र-सूर्य नेहमीचे, आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारा किलाकोट. सरळ रेघ, गोल, कोन, वळण, सगळा अभ्यासक्रम पंधरवड्यात उरकतो. खानदेश-विदर्भातली भुलाबाई आणि इतरत्रचा भोंडला याच गोतावळ्यातले, पण बोटांना एवढे काम संजाच देते. कामही उभ्या भिंतीवर. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप योग्य तेवढे मागे वळते, म्हणून हाताच्या व्यायामाचे तज्ज्ञ मुलांना भिंतीवर किंवा फळ्यावर लिहायला लावतात. मुले हा सल्ला न विचारता, नव्या डिस्टेंपरवर, आधीच अमलात आणतात.

भिंतीवरच्या लिखाणाविषयी उज्जैनकरांनी तरी जपून बोलावे. १९५७ मध्ये रेल्वेतून जाताना टेकड्यांमधले खडक पाहून विष्णु श्रीधर वाकणकर उतरले आणि भीमबेटकाची प्राचीन गुहाचित्रे जगापुढे आली. हे वाकणकर उज्जैनचे. २००३ मध्ये त्या खडकांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. भिंतीवर हत्ती काढणाऱ्याला ज्याने प्रथम झापले असेल, त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही. दिवाणखान्याची भिंत सोडवत नसेल तर अंगणातली एक फळी काळी रंगवावी, ओला ब्रश आणि पाण्याचा डबा द्यावा. पाण्याने लिहिलेले अक्षर माळव्याच्या उन्हात मिनिटभरात वाळते. रबराचे काम ऊनच करते आणि ते कोणाला बोलत नाही.

मारिया माँटेसोरीने १९०७ मध्ये रोममध्ये आपली पहिली बालशाळा काढली. तिथे मुले खरखरीत कागदाच्या कापलेल्या अक्षरांवरून बोटे फिरवत. हाताला वळण आधी कळे, पेन्सिल मागाहून येई, आणि चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागत. बाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. पण त्यांच्या साधनांची किंमत भारतीय खिशाला झेपणारी नव्हती. ती अडचण सोडवली ताराबाई मोडकांनी. त्यांचे बालपण उज्जैनच्या शेजारी इंदूरला गेले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, बिया, शिंपले, पाने, खडे असल्या फुकटच्या वस्तूंवर बालशिक्षण चालवले. या हिशोबाने माधव नगरच्या कोणत्याही स्वयंपाकघरात पूर्ण बालवाडी पडलेली असते. मटार सोलणे, तांदूळ निवडणे, कणकेचे साप करून त्यांचा ‘ग’ वळणे, परातीत रवा पसरून त्यात बोटाने लिहिणे. रवा पुढे शिऱ्याला वापरता येतो, एवढे एक कारण आजीला पटवायला पुरेसे आहे.

पेन्सिलीची निवड हा पालकांचा आवडता विषय असल्याने त्यावर थोडक्यात. लांब, नवी, टोकदार पेन्सिल लहान मुलाला गैरसोयीची असते. बोटभर उरलेला तुकडा मुठीत मावत नाही, म्हणून तीन बोटांत आपोआप नीट बसतो. मुले पेन्सिली मोडतात तेव्हा नकळत योग्य तेच करतात. पाटीवरच्या पेन्सिलीला माळव्यात पेम म्हणतात आणि ती मुले हमखास खातात. ती मुख्यतः येते मंदसौरहून, म्हणजे उज्जैन विभागातूनच. तिथल्या कारखान्यांत ती कापताना उडणाऱ्या दगडाच्या धुळीने शेकडो कामगारांची फुप्फुसे निकामी झाली, आणि १९८२ मध्ये मध्य प्रदेशाला त्यांच्या कल्याणनिधीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पाटीच्या इतिहासातला हा भाग विनोदात बसत नाही, पण वगळताही येत नाही.

बसण्याविषयी: पाय टेकलेले हवेत, कोपर मेजावर हवे, आणि वेळ दहा मिनिटे. अकराव्या मिनिटापासून जे लिहिले जाते त्याने अक्षर बिघडते.

बक्षिसांचे काम नाजूक आहे. वहीतला तारा आणि हसरा चेहरा पहिला महिना चालतो, पुढे मूल ताऱ्यासाठी लिहिते आणि नंतर तारा मिळवून देणारी दुसरी सोपी कामे शोधते. गणेशोत्सवातल्या हस्ताक्षर स्पर्धा मुलांच्या गटासाठी असतात. तयारी, ताण, निकालावरची हरकत हे सगळे मात्र आयांच्या गटात होते.

सरावाचा मजकूर हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. काना-मात्रा नसलेल्या वाक्यांचे एक वेगळेच जग आहे. त्यात राहणाऱ्यांची नावे मगन, छगन, शरद आणि कमल एवढीच असतात. ते सतत कोणाला तरी नमन करतात, त्यांना सतत घरी जायला सांगितले जाते, आणि कोणी घरी पोचल्याचे कधी कळत नाही. असे एखादे वाक्य वीस वेळा लिहिल्यावर छगनविषयी मुलाला जे वाटू लागते ते कागदावर आणण्याजोगे नसते. त्यापेक्षा मुलाला उपयोगाचे काहीतरी लिहू द्यावे. वाण्याची यादी चांगली. ‘पोहे, शेव, जिरावण’ या तीन शब्दांत काना, मात्रा आणि वेलांटी तिन्ही येतात, आणि यादी वाचून दुकानदाराने खरोखर जिरावण मसाला दिला की लिहिण्याचा उपयोग काय हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. बरण्यांवर चिठ्ठ्या, खोलीच्या दारावर ‘आत येऊ नये’, धाकट्या बहिणीच्या नावाची पाटी, हे सगळे चालते. ‘आत येऊ नये’ तर मुले कमालीच्या सुवाच्य अक्षरात लिहितात.

आणि सर्वांत चांगले म्हणजे पत्र. पुण्याच्या किंवा नागपूरच्या आजोबांना मुलाने पोस्टकार्ड लिहावे. त्याची किंमत स्ट्रॉबेरीच्या वासाच्या रबरापेक्षा बरीच कमी आहे. चार ओळी पुरेत, एक तिरपी गेली तरी पत्र पोचते, खाली एक पतंग काढला आणि त्याचा बटाटा झाला तरी पोस्टखाते तक्रार करत नाही. पत्र टाकण्यापूर्वी मोठ्यांनी ते तपासू नये. ज्या आजोबांना असे कार्ड येईल त्यांनी मात्र फोन करून ‘मिळाले’ एवढ्यावर भागवू नये, व्हॉट्सॲपवर हात जोडलेले चित्र धाडू नये. कार्डाला कार्डाने उत्तर द्यावे, स्वतःच्या हाताने, आणि सात वर्षांच्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरात.